कपाट उभे न्यावे की आडवे? बिऱ्हाड हलवण्याविषयी वाचकांचे प्रश्न

शाळांचे निकाल लागले आणि भाड्याच्या घरांचे अकरा महिन्यांचे करार संपत आले की, या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय दरवर्षी आपोआप बदलतो. लोणच्यावरची बुरशी आणि गळके नळ मागे पडतात, आणि टेम्पो, हमाल, दोरखंड यांची चौकशी सुरू होते. कपडे, भांडी, पुस्तके यांची काळजी फारशी कोणी करत नाही, कारण ती खोक्यात भरली की प्रश्न मिटतो. पत्रे येतात ती कपाटे, पलंग आणि सोफे यांच्याविषयी. त्यांतली काही, मजकूर थोडा आटोपता करून, उत्तरांसह येथे देत आहे.

प्रश्न : बदलीमुळे आम्ही नाशिकहून ठाण्याला जात आहोत. सहा बाय साडेसहा फुटांचा डबल बेड, दोन लोखंडी कपाटे, एल आकाराचा सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन, सहा खुर्च्यांचे जेवणाचे टेबल आणि पुस्तकांची पंचवीस खोकी एवढे सामान आहे. ओळखीचा छोटा हत्तीवाला दोन फेऱ्यांत सगळे पोचवतो म्हणतो. द्यावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : देऊ नये, आणि याचे कारण भाड्यापेक्षा मापात आहे. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फुटांना थोडा कमी रुंद असतो. तुमची गादी सहा फूट रुंद आहे, म्हणजे ती हौद्यात आडवी सपाट बसणारच नाही. ती उभी करावी लागेल, आणि उभी केली की बाजूच्या फळ्यांच्या वर चार-साडेचार फूट येऊन वाऱ्यात शिडासारखी फुगेल. बेडच्या साडेसहा फुटी बाजूपट्ट्या लांबीत जेमतेम मावतील, पण मग सोफ्याच्या लांब भागाला जागा उरणार नाही. शेवटी फाळका उघडा ठेवून सामान मागे लोंबकळत नेण्याची वेळ येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर आलेल्या मालासाठी २०,००० रुपये दंड आहे, शिवाय तो माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. ओळखीच्या माणसाने स्वस्तात नेले, या समाधानाची ही किंमत फार झाली.

वजनाचाही हिशेब करून पाहा. या गाडीची क्षमता पाऊण टनाच्या आसपास असते. दोन लोखंडी कपाटे दीडशे किलोंच्या पुढे जातात. फ्रिज आणि वॉशिंग मशीन मिळून सव्वाशे, बेड शंभर-सव्वाशे, सोफा आणि टेबल मिळून आणखी दीडशे धरा. पुस्तकांचे भरलेले खोके वीस किलोंपेक्षा कमी क्वचितच भरते. पंचवीस खोकी म्हणजे अर्धा टन. सगळे मिळून टनाच्या वर जाते. दोन फेऱ्या केल्या तर वजन बसेल, परंतु दीडशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर रिकाम्या परतीसह चार वेळा कापावे लागेल आणि हमाल दोन्ही टोकांना दोनदा लावावे लागतील. त्यापेक्षा दहा फुटी पिकअप किंवा चारशेसात एका फेरीत स्वस्त पडेल. चारशेसातचा हौदा दहा फुटांच्या आसपास लांब आणि सहा फुटांहून थोडा अधिक रुंद असतो, आणि तुमचे सामान त्यात नीट बसते. बंद बॉडीची गाडी मिळाली तर उत्तम.

आता भरण्याविषयी. माझ्या नोकरीत अकरा बदल्या झाल्या आणि अकरा वेळा बिऱ्हाड हलले. त्यातून एकच गोष्ट पक्की शिकलो, ती अशी की सामान धक्क्याने फुटत नाही, हलण्याने फुटते. गाडीत दोन वस्तूंमध्ये चार बोटे मोकळी जागा राहिली की प्रत्येक ब्रेकला एक वस्तू दुसरीवर आपटते, आणि नाशिक ते ठाणे या प्रवासात ब्रेक किती वेळा दाबला जातो हे मोजायला कोणी बसत नाही. म्हणून कपाटे, फ्रिज, मशीन ही जड मंडळी सर्वांत आधी चढवून चालकाच्या केबिनच्या भिंतीला चिकटून लावावीत. वजन डाव्या-उजव्या बाजूंना सारखे विभागावे, म्हणजे एका कोपऱ्यात कपाट असेल तर दुसऱ्यात फ्रिज आणि मशीन. जड सामान मागच्या चाकांच्याही मागे गेले, तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगचा ताबा सैल पडतो. चालक हे सांगत नाही, पण घाटात त्याला ते जाणवत असते. पुस्तकांची खोकी खाली, जड वस्तूंच्या पायांशी पाचरीसारखी बसवावीत. त्यानंतर सोफा, सुटा केलेला बेड आणि टेबलाची उलटी केलेली चौकट, आणि उरलेल्या प्रत्येक फटीत उशा, गोधड्या, गुंडाळलेल्या सतरंज्या. या वस्तूंचे वेगळे गाठोडे बांधून ते गाडीच्या टपावर टाकणारे लोक मी पाहिले आहेत. ज्या वस्तूंनी सामान वाचवायचे, त्यांनाच असे बाहेर बसवण्यात काय हशील?

दोर बांधताना तो एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूला न बांधता हौद्याच्या कड्यांना बांधावा. कपाटाला बांधलेला फ्रिज कपाटाबरोबरच पडतो. पट्टा किंवा दोर जिथे लाकडाच्या कडेवरून जातो, तिथे पुठ्ठ्याची दुहेरी घडी ठेवावी, नाहीतर तुम्ही ताणलेला दोरच पॉलिशवर कायमचा चर पाडतो. गाडी निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबून दोर पुन्हा ओढून घ्यावेत, कारण तेवढ्यात सामान बसते आणि दोर ढिले पडतात. दुसरी तपासणी इगतपुरीला, कसारा घाट उतरण्यापूर्वी करावी. उतारावर सगळे वजन केबिनच्या दिशेने ढकलले जाते, आणि तिथे फट राहिली असेल तर ती पहिल्या वळणावरच कळते.

प्रश्न : लोखंडी कपाट टेम्पोतून उभे न्यावे की आडवे? आमच्याकडे यावरून दोन तट पडले आहेत. शिवाय मागच्या वेळी कपाट नेल्यापासून त्याचे दार नीट लागत नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन्ही तट आपापल्या जागी बरोबर आहेत. शहरातल्या शहरात, बंद गाडीतून न्यायचे असेल तर कपाट उभे, पाठ केबिनच्या भिंतीला लावून, मधोमध आणि वरच्या तृतीयांशावर असे दोन ठिकाणी बांधून न्यावे. उघड्या गाडीतून किंवा घाटातून न्यायचे असेल तर ते पाठीवर आडवे झोपवावे. साडेसहा फूट उंच आणि दीड फूट खोल अशी वस्तू वळणावर किती सहज कलंडते, हे सांगायला नको. आडवे करताना पाठ खाली आणि दारे वर, हा क्रम बदलू नये. दारांवर झोपवले तर बिजागऱ्या आणि कुलपाची दांडी यांवर सगळा भार येतो, आणि कुशीवर ठेवले तर चौकट पिळवटते. खाली दोन जाड गोधड्या टाकाव्यात. दारांच्या पत्र्यावर जड काही ठेवू नये. पत्रा दिसतो मजबूत, पण मधोमध दाबला की पोचा पडतो आणि तो पुन्हा निघत नाही.

कपाट हलवण्यापूर्वी पूर्ण रिकामे करावे. साड्या आत राहू द्या, तेवढ्याने काय होते, असे हमालांना सांगणारे घर दर दोन घरांमागे एक असते. तेवढ्याने वीस-तीस किलो वाढतात आणि जिन्यावर ते खालच्या माणसाच्या छातीवर येतात. फळ्या काढून वेगळ्या बांधाव्यात, लॉकरची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि दारे बंद करून कपाटाभोवती कापडी पट्टा आवळावा. जिन्यावरून उतरवताना बळकट माणूस खाली असावा.

दार न लागण्याविषयी मात्र तुम्हाला बहुधा दिलासा देता येईल. अशा तक्रारींत कपाट बिघडलेले नसते, नव्या घरातली फरशी समपातळीत नसते. एक पाय अर्धा सूत जरी खाली गेला तरी चौकट तिरकी होते आणि दोन दारांपैकी एक वर, एक खाली दिसू लागते. कपाट रिकामे असताना पुढच्या पायाखाली पुठ्ठ्याची एक घडी सरकवून पाहावी, मग दुसऱ्या पायाखाली. दोन्ही दारांच्या वरच्या कडा एका रेषेत आल्या की दांडी आपोआप खोबणीत बसते. पुठ्ठा पुढे दबतो, त्यामुळे जागा सापडली की त्याऐवजी सनमायकाचा तुकडा घालावा.

आरशाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी कपाटाच्या दाराला आरसा असेल तर एवढे वाचाच. सोलापूरहून पुण्याला येताना आमच्या शृंगारमेजाचा साडेचार फुटी आरसा मी कापसाच्या गादीवर सपाट ठेवला होता. खाली मऊ असल्यावर काय बिघडणार, असा माझा समज. पुण्यात गादी उचलली तेव्हा आरशाचे तीन तुकडे होते. पुढे एका काचवाल्याने समजावले की, सपाट ठेवलेली काच प्रत्येक खड्ड्याला स्वतःच्याच वजनाने मधोमध वाकते, आणि मऊ गादी तिला वाकायला आणखी वाव देते. तीच काच कडेवर उभी केली की वाकत नाही. त्याच्या दुकानात एकही काच आडवी नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. तेव्हापासून आरसा, टेबलाची काच, संगमरवरी माथा हे सगळे मी कडेवर उभे, दोन गाद्यांच्या मध्ये पुस्तकासारखे उभे करून नेतो. काचेवर कागदी चिकटपट्टीची फुली मारतात, तिने काच फुटायची थांबत नाही. फुटलीच तर तुकडे एकत्र राहतात, एवढाच तिचा उपयोग.

प्रश्न : फ्रिज आडवा नेला तर खराब होतो का? पुढून कपडे टाकायचे वॉशिंग मशीनही आहे. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : फ्रिज उभाच न्यावा. आडवा केला की कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत शिरू शकते, आणि तसाच चालू केला तर कॉम्प्रेसरवर ताण येतो. नाइलाजाने आडवा करावा लागलाच, तर पोचल्यावर काही तास, शक्य असल्यास रात्रभर, उभा ठेवून मगच चालू करावा. आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्यावा आणि आतल्या काचेच्या फळ्या काढून घ्याव्यात.

पुढून उघडणाऱ्या मशीनचा ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो. मशीन घरी आले तेव्हा त्याच्या पाठीला लांब बोल्ट होते आणि ते बसवणाऱ्याने काढले होते, हे आठवत असेल. ते बोल्ट पुन्हा लावूनच मशीन हलवावे. आता ते कुठे आहेत हे शोधण्यात एक संध्याकाळ जाईल, पण सापडले नाहीत तर सेवा केंद्रातून मागवता येतात.

प्रश्न : वाईच्या वाड्यातले आजोबांचे सागवानी कपाट आम्ही पुण्यात नवव्या मजल्यावरच्या घरी नेऊ इच्छितो. सात फूट उंच, चार फूट रुंद, पावणेदोन फूट खोल आहे. सुतार म्हणतो ते सुटे होत नाही. लिफ्टमधून जाईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नेहमीच्या लिफ्टमधून जाणार नाही. तिचे दार बहुतेक ठिकाणी दोन मीटर, म्हणजे साडेसहा फुटांहून इंचभर अधिक उंच असते, आणि तुमचे कपाट सात फूट आहे. तिरके करून आत घ्यावे तर केबिनची खोली पुरत नाही. गंमत अशी की साडेसहा फुटी लोखंडी कपाट, त्याचा स्टँड काढला तर, याच दारातून इंचभराच्या फरकाने जाते. वाड्यांतल्या कपाटांची मापे लिफ्ट पाहून घेतलेली नव्हती.

पण उंच इमारतींत पुष्कळदा रुग्णाला स्ट्रेचरवरून नेता येईल अशी एक मोठी लिफ्ट असते. तिची आतली खोली सात फुटांपेक्षा जास्त असेल, तर कपाट तिच्यात आडवे शिरते. सोसायटीच्या कार्यालयात जाऊन, पट्टी हातात घेऊन, स्वतः माप घ्या. रखवालदाराच्या अंदाजावर विसंबू नका. आत लावलेला आरसा आणि हाताचा कठडा दोन-तीन इंच खातात, तेही धरा.

ती लिफ्ट नसेल तर जिना उरतो. इथे लोकांना भीती वाटते ती वळणांची, पण वळणाचा चौथरा हीच जिन्यातली सर्वांत मोकळी जागा असते, कारण त्याच्या डोक्यावर थेट पुढच्या मजल्याचा चौथरा येतो आणि मध्ये नऊ फुटांच्या आसपास उंची मिळते. कपाट जिन्याच्या उतारावरून लांबीत वर न्यायचे, चौथऱ्यावर उभे करायचे, जागच्या जागी वळवायचे आणि पुन्हा झोपवायचे. उभे करताना त्याचा कर्ण लागतो. सात फूट उंची आणि पावणेदोन फूट खोली यांचा कर्ण सव्वासात फुटांच्या किंचित आत येतो, म्हणजे चौथऱ्यावरही आणि घराच्या छताखालीही अडचण नाही. घराच्या दारातून ते आडवे, कुशीवर, पावणेदोन फुटांच्या बाजूने जाईल. हिशेबात सगळे बसते; प्रश्न श्रमाचा आहे. नऊ मजले म्हणजे अठरा वळणे. त्याला चार अनुभवी माणसे हवीत, आणि दर मजल्याचा दर आधी ठरवून घ्यायला हवा, चौथ्या मजल्यावर धापा टाकत असताना नव्हे.

‘सुटे होत नाही’ या उत्तरावर मी मात्र समाधान मानले नसते. जुन्या कपाटांची दारे जवळजवळ नेहमी निघतात, आणि वरची नक्षीदार पट्टी आणि खालची बैठक पुष्कळदा वेगळी बसवलेली असते. पॉलिशच्या थरांखाली तो जोड दिसत नाही इतकेच. नखाने चाचपून पाहा. पट्टी निघाली तर उंचीतले चार-सहा इंच कमी होतात आणि लिफ्टचा प्रश्नच कदाचित सुटतो. दारे काढल्यावर वजनही बरेच उतरते. गंजलेले स्क्रू यंत्राने काढू नयेत, त्यांची खाच झिजते आणि मग ते कापावे लागतात. आदल्या रात्री तेलाचा एक थेंब सोडावा आणि सकाळी रुंद पात्याच्या पेचकसाने हाताने फिरवावेत. एका फळीचे टोक दुसरीच्या खाचेत बसवलेले जे मूळचे सांधे आहेत, त्यांना मात्र हात लावू नये. शंभर वर्षे घट्ट बसलेला सांधा ठोकून उघडला की पुन्हा तसा बसत नाही.

गॅलरीतून दोराने ओढून घेण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. नवव्या मजल्यासाठी तो ऐकू नका.

प्रश्न : आमचा प्लायवूडचा हायड्रॉलिक बेड एकदा सुटा करून जोडल्यावर करकरतो आहे. आता पुन्हा घर बदलायचे आहे. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : प्लायवूड, आणि त्याहून अधिक भुशाच्या दाबीव फळीचे फर्निचर, दर वेळी सुटे करताना थोडे थोडे मरते, हे आधी मान्य करू या. स्क्रू काढून पुन्हा लावला की भोक मोठे होते आणि पकड ढिली पडते. करकर तिथूनच येते. उपाय सुताराचाच आहे. आगकाडीच्या, किंवा त्याहून बरे म्हणजे बांबूच्या, सळ्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकाव्यात, रात्रभर वाळू द्याव्यात, बाहेर आलेले टोक कापावे आणि मग स्क्रू हाताने आवळावा. यंत्राने आवळला की तो जागच्या जागी फिरून नवे भोकही खातो.

सुटा करताना एक धोका लक्षात ठेवावा. गादी काढली की वरच्या झाकणावरचे वजन जाते आणि वायूच्या दांड्या झाकण वर फेकू पाहतात. म्हणून बेड हलवण्यापूर्वी झाकण दोराने खाली बांधावे, किंवा दांड्या आधी काढून घ्याव्यात. या कामात एकाने झाकण धरून ठेवणे आवश्यक आहे. प्रत्येक फळीच्या आतल्या बाजूला कागदी पट्टी लावून ‘डोके-डावी’, ‘पाय-उजवी’ असे लिहावे, आणि स्क्रू पिशवीत घालून ती पिशवी त्याच फळीला बांधावी. सगळे स्क्रू एका डब्यात टाकणाऱ्या घरांत नव्या जागेची पहिली रात्र गादी जमिनीवर टाकूनच जाते.

भुशाच्या फळीचे कपाट किंवा पुस्तकांची मांडणी असेल तर ती जोडलेल्या अवस्थेत वरच्या फळीला धरून उचलू नये, सांधे उपटतात. दोघांनी खालून धरावी.

प्रश्न : जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून चिपळूणला जायचे आहे. तारीख बदलणे शक्य नाही. पावसात लाकडी सामानाचे काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बंद बॉडीची गाडी घ्या, मग भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल. कुंभार्ली घाटातल्या पावसापुढे ताडपत्रीचे फार चालत नाही, कारण तो पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो. उघड्या गाडीवाचून इलाज नसेल तर ताडपत्री हौद्याच्या तळापासून घ्यावी, म्हणजे आधी तळावर पसरून तिची टोके सामानावर वळवावीत आणि वरून दुसरी ताडपत्री पुढून मागे अशी टाकावी की केबिनकडची कड खाली दुमडलेली राहील. पुढची कड उघडी राहिली तर चालत्या गाडीचा वारा पाणी आत ढकलतो. काथ्याचा किंवा सुताचा दोर भिजल्यावर आक्रसतो आणि नायलॉनचा ताणला जातो, तेव्हा नायलॉनचे दोर वाटेत दोनदा तरी आवळावे लागतील.

गादीला प्लास्टिकची पिशवी मिळते, ती घ्यावी. लाकडी सामानाला मात्र नुसते प्लास्टिक घट्ट गुंडाळू नये. आत कोंडलेला दमटपणा पॉलिशवर पांढरे डाग पाडतो. आधी जुनी चादर, मग प्लास्टिक, आणि पोचल्याबरोबर ते सोडून टाकावे. भिजलेली वस्तू उन्हात किंवा पंख्यासमोर ठेवण्याची घाई करू नये, सागवान त्याने तडकते. पुसून सावलीत ठेवावी. भुशाची फळी भिजली असेल तर ती फुगलेलीच राहील, तिच्यासाठी काही करता येत नाही. कोकणात भिंतीला लागून कपाट लावू नये, मागे तीन-चार बोटे हवा खेळू द्यावी.

घाटात दरड कोसळून रस्ता बंद होणे पावसाळ्यात नवे नाही. निघण्यापूर्वी रस्ता सुरू असल्याची खात्री करा आणि पहाटे निघा, म्हणजे उजेडात उतराल आणि उजेडात सामान उतरवाल.

प्रश्न : नव्या सोसायटीच्या दारात काही माणसांनी गाडी अडवून ‘वाराई’, म्हणजे सामान उतरवण्याची मजुरी, मागितली. आमचे हमाल आमच्याबरोबर होते. पैसे देणे बंधनकारक आहे का? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : नाही. तुमच्या घरातले सामान तुमच्या माणसांनी उतरवले असेल, तर न केलेल्या कामाची मजुरी कोणी मागू शकत नाही. माथाडी कायदा १९६९ साली झाला तो बाजारपेठा, गोदामे, कारखाने अशा ठिकाणी ओझी वाहणाऱ्या असंरक्षित कामगारांना नियमित मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि संरक्षण मिळावे म्हणून. त्या चळवळीमागे फार मोठे कष्ट आहेत, आणि तिचे नाव घेऊन बिऱ्हाडे अडवणाऱ्यांनी खऱ्या कामगारांचेच नुकसान केले आहे. वाद न घालता ओळखपत्र आणि पावती मागावी. बहुधा तिथेच विषय संपतो. दमदाटी झाली तर ११२ वर दूरध्वनी करावा. सोसायटीच्या व्यवस्थापकाला गाडी येण्याची वेळ आदल्या दिवशी लेखी कळवलेली असली की त्यालाही बाजू घेणे सोपे जाते.

प्रश्न : सामान हलवणाऱ्या एका कंपनीने विम्याचे म्हणून जादा पैसे घेतले. टेबलाचा संगमरवरी माथा तुटला, तेव्हा आता ते म्हणतात की विमा ‘आगीसाठी’ होता. काय करता येईल? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : सर्वप्रथम विमा कंपनीने दिलेले प्रमाणपत्र मागा. वाहतूकदाराच्या पावतीवर ‘विमा’ असे लिहून घेतलेले पैसे म्हणजे विमा नव्हे. ज्यावर विमा कंपनीचे नाव, पॉलिसीचा क्रमांक आणि कोणत्या जोखमी धरल्या आहेत हे छापलेले असते, तो विमा. तसे प्रमाणपत्र नसेल तर त्यांनी पैसे कशाचे घेतले हा प्रश्न लेखी विचारता येतो, आणि त्याचे उत्तर देणे त्यांना जड जाईल.

दुसरे म्हणजे, विमा असो वा नसो, वाहतूकदाराची स्वतःची जबाबदारी असतेच. २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्यानुसार सामान्य वाहतूकदाराविरुद्ध दावा करण्यापूर्वी, सामान नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत, नुकसानीची लेखी नोटीस द्यावी लागते. ही मुदत चुकवू नका. फोनवरच्या आश्वासनांत सहा महिने सहज जातात. नोटीस स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. याच कायद्यात आणखी एक मेख आहे, ती पुढच्या वेळेसाठी ध्यानात ठेवा. सामानाची जास्त किंमत आधी लेखी जाहीर केलेली नसेल, तर भरपाईला मर्यादा पडते. म्हणून मौल्यवान वस्तूंची यादी किमतीसह पावतीला जोडलेली असावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवावी, आणि तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते.

सामान ताब्यात घेताना पोच-पावतीवर ‘सर्व सामान सुस्थितीत मिळाले’ असे छापलेले असते आणि सही घाईने मागितली जाते. त्या ओळीखाली ‘खोकी उघडून तपासणी बाकी, टेबलाचा माथा तुटलेला’ असे हाताने लिहून मगच सही करावी. निघताना घेतलेली छायाचित्रे असतील तर या दोन ओळींना वजन येते.

प्रश्न : पुण्याहून पणजीला एका टेम्पोत घरचे सामान नेत आहोत. राज्याबाहेर जाताना ई-वे बिल लागते का? आणि सामानावर लक्ष ठेवायला माझ्या भावाने मागे हौद्यात बसले तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वापरलेल्या घरगुती आणि वैयक्तिक सामानाला ई-वे बिलाची गरज नाही, वस्तू आणि सेवा कराच्या नियमांत ते सवलतीच्या यादीत आहे. मात्र वाटेत विचारणा झाली तर दाखवायला सामानाची सही केलेली यादी, ओळखपत्राची प्रत आणि बदलीचा आदेश किंवा नव्या घराचा करार चालकाजवळ द्यावा. सामानात नव्या, न उघडलेल्या खोक्यातला टीव्ही किंवा पंखा असेल तर त्याचे बिल बरोबर ठेवावे, कारण नवी वस्तू ‘वापरलेली’ ठरत नाही.

भावाला मागे बसवू नका. कपाट सरकले तर ते त्याला थांबवता येणार नाही, उलट ते त्याच्याच अंगावर येईल. चालकाशेजारी परवान्यानुसार जागा असेल तर तिथे बसवा, नसेल तर एसटीने पाठवा. तो टेम्पोच्या आधी पणजीला पोचेल आणि दार उघडून ठेवील.